चुलीचा धूर आणि डिझेलचा धूर

पुण्याचे श्वसनविकारतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी यांच्या संशोधनाचा मुख्य विषय हवेतले प्रदूषण. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात १५ निरोगी व्यक्तींना तासभर डिझेलच्या विरळ धुरात ठेवले गेले. सहा तासांनी दुर्बिणीने श्वासनलिकेच्या अस्तराचे नमुने घेतले. फुंकर मारून करायच्या चाचणीत काहीच बिघाड दिसला नाही. अस्तरात मात्र दाहाच्या पेशींची गर्दी झाली होती. दम लागत नाही म्हणजे धूर बाधत नाही, ही समजूत इथेच खोटी पडते.

२००९ मध्ये श्वसनविकारतज्ज्ञ पीटर बार्न्स यांच्यासह 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिताना साळवी यांनी चुलीकडे लक्ष वेधले. फुप्फुसांतल्या वायुनलिका अरुंद करणारा सीओपीडी हा विकार विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही जडतो. तेव्हा जगात धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी, तर सरपणाच्या धुरात वावरणारे ३०० कोटींच्या आसपास होते.

मिरजगावासारख्या नगर-सोलापूर रस्त्यावरच्या गावाला दोन्ही धूर सोसावे लागतात. बाभळीची लाकडे, तुराट्या, गोवऱ्या ओलसर असल्या की अर्धवट जळतात आणि सूक्ष्म कण वाढतात. फुंकणीने फुंकणाऱ्या बाईचे तोंड तर जाळापाशीच असते. गॅस आला तरी आंघोळीचे पाणी बहुधा चुलीवरच तापते.