सायकलची बैठक कशी पारखावी ?

चार-पांच किलोमीटर सायकल चालवून शाळेस येणारा मुलगा एके दिवशीं घरीं सांगतो कीं, "मला सायकल नको." वडील म्हणतात, "आळस !" परंतु असा आळस पुष्कळदां बैठकीवरील दोन पेंचांनीं दूर होण्यासारखा असतो. म्हणून या विषयाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मनुष्य बसतो तो मांसावर नव्हे, हाडांवर. कठीण बाकावर बसून हात खालीं घातला असतां जे दोन उंचवटे लागतात, त्यांवरच धडाचा भार असावयाचा. त्यांमधील अंतर सामान्यतः दहा ते पंधरा सेंटीमीटर असतें. स्त्रियांमध्यें तें सरासरीनें कांहींसें अधिक. अंगाच्या लठ्ठपणावर मात्र तें अवलंबून नसतें. बैठक याहून अरुंद असली म्हणजे हाडें कडेबाहेर जातात व भार मधल्या मृदु भागावर येतो. तेथील शिरा व मज्जातंतु दाबले जाऊन बधिरपणा येतो. हा बधिरपणा वारंवार येत असल्यास त्याकडे दुर्लक्ष करणें धोक्याचें आहे, आणि मुलांनीं तो संकोचानें लपवूं नये. उलट बैठक फार रुंद असल्यास मांड्या घांसतात.

मऊ गादी घालावी, हा उपाय प्रथम सुचतो. पण आमच्या मतें तो बहुधा फसवा आहे. हाडें गादींत रुततात, मधला भाग फुगून वर येतो, आणि जेथें दाब नको तेथेंच तो वाढतो.

माप घेण्यास दुकानांत जावयास नको. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा कठीण स्टुलावर ठेवून त्यावर किंचित् पुढें वांकून अर्धा मिनिट बसावें. दोन खळगे उमटतील. त्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतरांत सुमारें दोन सेंटीमीटर मिळविले कीं बैठकीच्या मागील रुंदीचा अंदाज येतो. ताठ बसून चालविणारास याहून थोडी रुंद बैठक मानवते; शर्यतवाल्याप्रमाणें ओणवें होणारास अरुंद, कारण पुढें वांकल्यावर भार हाडांच्या निमुळत्या भागावर येतो.

या बाबतींत इंग्लंडांतील जॉन बोल्टबी ब्रुक्स यांची गोष्ट सांगतात. 1878 सालीं त्यांचा घोडा मेला, म्हणून ते सायकलवर बसूं लागले; पण बैठक इतकी त्रासदायक निघाली कीं, मूळच्या चामड्याच्या धंद्यांतील या गृहस्थांनीं स्वतःच सुधारणा करून 1882 सालीं बैठकीचें पेटंट घेतलें. घोड्याच्या खोगिराचे कारागीर सायकलच्या उपयोगीं पडले ते असे !

योग्य बैठकही चुकीच्या उंचीवर छळते. पायडल अगदीं खालीं असतां त्यावर टांच ठेवावी. गुडघा सरळ झाला कीं उंची बरोबर समजावी. "पोर वाढतें आहे, मोठी सायकल घेऊं," असें म्हणणाऱ्या पालकांस आमची विनंति अशी कीं, पाय पोंचत नसतां मूल प्रत्येक फेऱ्यास डावीकडे-उजवीकडे कलतें आणि त्याची कातडी सोलवटते. बैठक आडव्या पातळींत असावी. टोंक वर असल्यास मधला भाग दाबला जातो, खालीं असल्यास शरीर पुढें घसरून हातांवर भार येतो.

चामड्याची बैठक सैल पडल्यास टोंकाखालील नट किंचित् आवळावा. मात्र ती भिजलेली असतांना आवळूं नये, आधीं सावलींत वाळूं द्यावी.