गुऱ्हाळातला उजेड आणि कॅमेऱ्याचा पांढरा

पुणे-सोलापूर महामार्गावरील कासुर्डी, यवत, केडगाव हा दौंड तालुक्याचा पट्टा उसाचा, त्यामुळे गुऱ्हाळे या भागाला नवी नाहीत. छायाचित्रणाच्या दृष्टीने मात्र गुऱ्हाळाइतकी अडचणीची जागा क्वचितच सापडेल. चुलवाणाच्या तोंडाशी चिपाड सारणाऱ्या जळव्याच्या चेहऱ्यावर जाळाचा तांबूस उजेड असतो, काहिलीजवळच्या गुळव्याच्या पाठीवर उघड्या बाजूने दिवसाचा उजेड येतो आणि पत्र्याखाली टांगलेली एलईडी ट्यूब वरून निळसर पांढरा प्रकाश टाकत असते. काहिलीतून उठणारी वाफ ज्या बाजूचा उजेड लागेल त्या बाजूचा रंग घेते, म्हणून एकाच वाफेचा एक काठ निळा आणि दुसरा पिवळट येतो. माणसाची दृष्टी हे फरक आपोआप सांभाळून घेत असल्याने प्रत्यक्षात ते फारसे जाणवत नाहीत. कॅमेरा ते जसेच्या तसे टिपतो.

उजेडाचा हा रंग मोजण्यासाठी रंगतापमान ही कल्पना वापरतात. एखादा काळा पदार्थ तापवत नेला तर तो आधी लाल, मग पिवळा, पांढरा आणि अखेरीस निळसर प्रकाश देतो. एखाद्या दिव्याचा रंग ज्या तापमानाच्या अशा पदार्थाशी जुळतो, ते तापमान केल्विन या एककात सांगितले जाते. जाळाचा उजेड साधारण १,९०० केल्विन, जुन्या तारेच्या बल्बचा २,८००, दुपारच्या उन्हाचा ५,५००, घरोघरच्या ‘कूल डेलाइट’ ट्यूबचा ६,५०० आणि निरभ्र आकाशाखालच्या सावलीचा ७,५०० केल्विनच्या आसपास असतो. आकडा जितका लहान तितका उजेड तांबडा, हे नवख्याला उलटे वाटते. शिवाय हे आकडे सरळ वजाबाकीचे नाहीत: २,००० आणि २,५०० केल्विनमधला फरक डोळ्यात भरतो, तर ५,५०० आणि ६,००० मधला जेमतेम कळतो. म्हणूनच व्यावसायिक छायाचित्रकार दहा लाखांना केल्विनच्या आकड्याने भागून मिळणारे मायर्ड हे माप वापरतात. त्यात पहिला फरक १०० चा भरतो आणि दुसरा सुमारे १५ चा.

व्हाइट बॅलन्स म्हणजे पांढरी वस्तू चित्रात पांढरीच यावी म्हणून केलेला हिशेब. कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग वेगवेगळे नोंदवतो, आणि हिरवा आहे तसा ठेवून लाल व निळ्याला एकेका आकड्याने गुणतो. खरी अडचण येथेच आहे, कारण ते दोन आकडे सगळ्या चित्राला एकच लागतात. जळव्याचा चेहरा नैसर्गिक केला की गुळव्या निळा पडतो आणि गुळव्या सावरला की जळवा भगवा होतो. ऑटो व्हाइट बॅलन्स या दोहोंच्या मधे कुठेतरी थांबतो आणि बहुधा कोणाचेच समाधान करत नाही.

त्यामुळे मिश्र उजेडात पहिले काम म्हणजे कोणता उजेड प्रमुख हे ठरवणे, आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ट्यूब बंद करणे. फ्लॅश वापरायचाच असेल तर, त्याचा प्रकाश मूळचा दिवसाच्या उजेडासारखा असल्याने, त्यावर नारिंगी जेल म्हणजे रंगीत पारदर्शक कागद लावून तो जाळाच्या जवळ आणता येतो. चित्र रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरची मूळ नोंद राखून, घेतले असेल तर नंतर संगणकावर एकेका भागाचा रंग वेगळा सुधारता येतो. पण एकाच गालावर दोन उजेड मिसळले असतील तर ते सोडवणे जिकिरीचे ठरते. जाळाचा रंग मात्र पूर्ण काढून टाकू नये. पांढरा जाळ पाहून गुऱ्हाळ ओळखूच येणार नाही.

गुळाच्या ढेपेचा फोटो हा वेगळा प्रश्न आहे, कारण गुळाचा भाव बऱ्याच अंशी रंगावर ठरतो आणि व्यापाऱ्याला फोटो मोबाइलवर जातो. पिवळ्या ढेपेने चौकट भरली की ऑटो व्हाइट बॅलन्स उजेडच पिवळा आहे असे धरून निळा वाढवतो आणि चांगला गूळ मळकट दिसतो. उलट गडद गूळ थोडा खोटेपणा करून सोनेरीही दाखवता येतो. येथे ढेप मोकळ्या सावलीत नेऊन, तिच्याशेजारी करडे कार्ड ठेवून, त्यावरून व्हाइट बॅलन्स ठरवणे हाच प्रामाणिक मार्ग आहे. कार्डाऐवजी धुतलेला सदरा वापरू नये, कारण निळीमुळे आणि साबणातल्या चकाकी आणणाऱ्या द्रव्यांमुळे तो निळसर झालेला असतो, आणि त्याला शुद्ध पांढरा मानले की सगळे चित्र पिवळे पडते.

याच रस्त्याने आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरहून यवतच्या मुक्कामाला जाते, तेव्हा अडचण आणखी वाढते. रंगीत मांडवाच्या कापडातून गाळून आलेला उजेड केल्विनच्या तांबड्या-निळ्या पट्टीवर बसतच नाही. त्यासाठी हिरवा-जांभळा तोल बदलणारी टिंट ही दुसरी पट्टी वापरावी लागते. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांपुढे तर दोन्ही पट्ट्या हात टेकतात, कारण त्यांच्या उजेडात बरेचसे रंग जवळजवळ नसतातच, आणि जो रंग उजेडातच नाही तो कोणत्याही गुणाकाराने चित्रात येत नाही. अशा दिव्याखाली भगवी पताका आणि हिरवे लुगडे एकाच पिवळट करड्या छटेत उतरतात, तेव्हा जवळून फ्लॅश द्यावा किंवा चित्र सरळ कृष्णधवल करावे.