मोंढ्यांतला भाव आणि लंडनचें सोनें

निजामाच्या राज्यांत परभणीच्या मोंढ्यांत कापसाची गाडी रिकामी झाली, म्हणजे शेतकऱ्याच्या हातीं पडत ते हाली रुपये. मुंबईंत चाले तें कलदार. १०० कलदारांस ११६-११७ हाली पडत. नाणें निराळें, तेव्हां जगाच्या बाजारांतलें वादळ आम्हांपर्यंत कशाला येईल, असें श्रोत्यांस वाटेल. पण तें आलें, आणि आमच्या घरीं तर आजीच्या पाटल्यांपर्यंत आलें.

सन १९२९ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, आणि दोन वर्षांत कापसाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. हाली रुपया कलदाराशीं बांधलेला, आणि कलदार १८ पेन्सांच्या दरानें पौंडाशीं. त्यामुळें सेलू-मानवतच्या कापसाला आडोसा असा राहिलाच नाहीं. कापसाचे पैसे निम्मे आले. सावकाराच्या वहींतला आंकडा मात्र होता तेवढाच.

अशांत २१ सप्टेंबर १९३१ रोजीं इंग्लंडनें पौंडाच्या बदल्यांत सोनें देणें बंद केलें. पौंड घसरला, त्याच्यामागें रुपया घसरला, आणि म्हणून रुपयांत सोनें महागलें. १९२७ च्या कायद्यानें तोळ्यास २१ रुपये ३ आणे १० पै असा दर धरला होता. तो लौकरच ३० रुपयांच्या वर गेला. पुतळ्या, सरी, गोठ, जें ज्याच्या घरीं होतें तें बाहेर निघूं लागलें. आजी सांगे कीं, पाटल्या मोडल्या त्या दिवशीं भाव चांगला आला म्हणून घरांत समाधानच होतें! सोनें सराफाकडून मुंबईस आणि तेथून आगबोटीनें लंडनला जाई. न्यूयॉर्क व पॅरिस येथून घेतलेलें कर्ज फेडतांना इंग्लंडला या सोन्याचा मोठा आधार झाला. निर्यात थांबवा, अशी मागणी येथें झाली. सरकारनें ती मानली नाहीं.

पुढें महायुद्धांत पारडें फिरलें. इंग्लंडनें हिंदुस्थानांतून माल घेतला आणि त्याचे पौंड लंडनमध्यें आपल्या नांवें जमा केले. येथें त्यापोटीं नोटा वाढल्या, महागाई भडकली. युद्धाअखेर आपलें येणें सुमारें १३० कोटी पौंड होतें. म्हणजे कालचा ऋणको आज धनको झाला. पण धनको होणें आणि वसुलीची सत्ता हातीं असणें या दोन गोष्टी आहेत. जुलै १९४४ मध्यें ब्रेटन वुड्स येथें ४४ राष्ट्रांची परिषद भरली. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, आपल्या कुलाबा जिल्ह्यांतले, तेथें आपल्या शिष्टमंडळांत होते. या येण्याचा कांहीं भाग तरी इतर चलनांत बदलून मिळावा, असा आग्रह शिष्टमंडळानें धरला. इंग्लंडच्या वतीनें केन्स यांनीं देणें कबूल केलें. परंतु तें दोघांनीं आपसांत मिटवावें, असें ठरलें. मात्र ३५ डॉलरांस एक औंस सोनें हा दर त्याच परिषदेनें पक्का केला, कारण जगाचें बहुतेक सोनें तोंवर अमेरिकेंत जाऊन बसलें होतें.

पौंड मग हप्त्याहप्त्यानें सुटूं लागले. सप्टेंबर १९४९ मध्यें पौंडाची किंमत ४ डॉलर ३ सेंटांवरून २ डॉलर ८० सेंटांवर उतरली, आणि आपलें उरलेलें येणें डॉलरांच्या हिशेबानें तेवढ्या मानानें एका दिवसांत आटलें.