आपलाच आवाज उशिरा येतो तेव्हा...

मैत्रिणींनो, आज चक्क एका यंत्राविषयी लिहिणार आहे. दचकू नका! मी काही इंजिनीअर नाही, साधी बी.ए. झालेली बाई. पण या यंत्रापायी आमच्या घरात दोन दिवस जे घडलं, ते तुमच्या घरात घडू नये म्हणून हा खटाटोप.

आमच्या सासूबाई ७८ वर्षांच्या. माहेर मुळशी खोऱ्यातलं. जात्यावरच्या ओव्या त्यांना किती येतात, हे त्यांनाही सांगता यायचं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर येऊ लागल्या. त्या ऐकल्यावर मनात आलं, आपल्या घरातल्या ओव्या कोण टिपून ठेवणार?

आधी मोबाइलवर करून पाहिलं. पण परसातलं जातं फिरायला लागलं की त्या घरघरीत शब्दच बुडून जायचे. मग चिरंजीवांनी युक्ती काढली. जात्याचा आवाज आधी वेगळा रेकॉर्ड करायचा आणि आजीने तो हेडफोनमध्ये ऐकत गायचं. शहरातल्या एका दुकानातून माइक आणि लॅपटॉपला जोडायची एक स्वस्त डबी आणली. 'घरच्या रेकॉर्डिंगला हे भरपूर झालं,' असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं.

सासूबाई बसल्या. पहिली ओळ झाली, दुसरीला अडखळल्या. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. लय सुटायची, शब्द ओढले जायचे. शेवटी हेडफोन काढून म्हणाल्या, "माझाच आवाज माझ्या मागनं येतोय गं, सावलीवाणी. गळा गेला बाई माझा. ऱ्हाऊ दे आता."

आणि कबूल करते, मलाही तसंच वाटलं. वय झालं, आता नाही जमत, असं मनातल्या मनात मीही म्हणून टाकलं. दोन दिवस त्या ओवीच काय, साधं गुणगुणल्याही नाहीत.

तिसऱ्या दिवशी आमच्या भजनी मंडळाला साऊंड लावणारा मुलगा आला होता. त्याने तो हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, माइकपुढे एक टाळी वाजवली आणि हसला. "काकू, आजींचं काही चुकत नाही. यंत्र उशीर करतंय!"

या उशिराला 'लेटन्सी' म्हणतात. त्याने जे सांगितलं, ते मी आपल्या भाषेत सांगते. माइकमधून येणाऱ्या आवाजाचे लॅपटॉप बारीक बारीक दाणे करतो, एका सेकंदात साधारण ४८,००० दाणे. ते तो एकेक घेत नाही. जात्यात आपण मूठमूठ दाणे घालतो ना, तशी मूठ भरली की पुढे सरकवतो. या मुठीला 'बफर' म्हणतात. मूठ १,०२४ दाण्यांची असेल, तर आत जाताना आणि बाहेर येताना मिळून ४३ मिलिसेकंद, म्हणजे हजार भागांतले ४३ भाग उशीर होतो. एवढ्या वेळात हवेतला आवाज पंधरा मीटर जातो. म्हणजे आपण इथे गायचं आणि आपलाच आवाज पंधरा मीटरवरून ऐकायचा. कशी राहील लय? मूठ १२८ दाण्यांची केली, तर हाच उशीर पाच-सहा मिलिसेकंदांवर येतो, वर यंत्राचा स्वतःचा थोडा. पण मूठ फार लहान केली की लॅपटॉपची दमछाक होते आणि आवाजात कटकट येते.

म्हणून माइक आणि लॅपटॉप यांच्यामध्ये जे यंत्र लागतं, त्याला 'ऑडिओ इंटरफेस' म्हणतात, ते चांगलं हवं. खरेदीला जाताना एवढं विचारा :

१. 'डायरेक्ट मॉनिटर' आहे का? यात गाणारीचा आवाज लॅपटॉपमध्ये न जाता यंत्रातूनच थेट हेडफोनला मिळतो. जाणवेल असा उशीर राहत नाही. ही सोय सगळ्यात महत्त्वाची. ती सुरू केली की लॅपटॉपमधून परत येणारा आवाज मात्र बंद करा, नाहीतर दोन आवाज ऐकू येतील.

२. विंडोजचा लॅपटॉप असेल, तर कंपनीचा स्वतःचा 'एएसआयओ' ड्रायव्हर मिळतो का? त्यामुळे उशीर बराच कमी होतो. मॅकमध्ये ही सोय मुळातच असते.

३. माइक किती लागतील? एकटीच्या गाण्याला एक माइक पुरतो. पेटीबरोबर गायचं असेल, तर दोन माइकची सोय बघा. फोकसराइट कंपनीच्या स्कार्लेट सोलोमध्ये एक माइक लागतो, टू-आय-टूमध्ये दोन. डायरेक्ट मॉनिटर दोन्हींत आहे.

४. कंडेन्सर माइक असेल, तर ४८ व्होल्टचं बटण हवं. साध्या डायनॅमिक माइकला ते लागत नाही.

५. हेडफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथचा उशीर वेगळा असतो आणि तो कुठल्याही महागड्या इंटरफेसने जात नाही.

आणि खर्च करायच्या आधी एक फुकटचा उपाय करून पाहा. लॅपटॉपमधून परत येणारा आपला आवाज बंद करायचा, हेडफोनमध्ये फक्त साथ ठेवायची आणि एक कान उघडा ठेवायचा. आपला आवाज उघड्या कानाने ऐकू येतोच. आम्ही त्याच संध्याकाळी हे केलं. नवा इंटरफेस नंतर, दिवाळीच्या सुमारास आला.

त्या संध्याकाळी सासूबाईंना पुन्हा बसवायला मात्र कष्ट पडले. "नगं गं, हसं होईल," म्हणत होत्या. मी म्हटलं, "आई, चूक यंत्राची होती. मीच तुम्हाला म्हातारं ठरवून मोकळी झाले." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पदर खोचून खाली बसल्या, एका कानाला हेडफोन लावला. आत जातं घरघरलं आणि त्यांचा उजवा हात आपोआप फरशीवर गोल गोल फिरायला लागला. खुंटा नाही, पीठ नाही, पण ओवीमागून ओवी येत राहिली. भावाच्या, लेकीच्या, पंढरीच्या... कुकरच्या शिट्ट्यासुद्धा त्यात रेकॉर्ड झाल्यात. होऊ देत!

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही कुणी आजी, आत्या, मावशी गाणारी असेल. ती मध्येच थांबली, तर तिचा गळा गेला असं लगेच समजू नका. आधी तो हेडफोन आपल्या कानाला लावून बघा.