कमरेचा नवा दागिना

हुपरी म्हटले की डोळ्यांपुढे चांदी उभी राहते. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातले हे गाव. येथे घरोघर पैंजण, जोडवी, वाळे घडतात. गल्लीतून जाताना घुंगरांचा आवाज कानी पडला नाही असे सहसा होत नाही. आणि गावाबाहेर पडावे तर उसाचे फड नि जवाहर सहकारी साखर कारखान्याचे धुराडे. एका हाताला चांदी, दुसऱ्या हाताला साखर, अशा या गावात माझी थोरली बहीण दिलेली आहे. तिच्या मुलीला वयाच्या आठव्या वर्षी मधुमेह झाला. आज ती सोळा वर्षांची आहे. बारा वर्षांची असताना घेतलेल्या तिच्या इन्सुलिन पंपाची मुदत यंदा संपली, आणि नवा कोणता घ्यावा हा प्रश्न घरात येऊन बसला.

आठ वर्षांच्या पोरीला मधुमेह, हे ऐकून आजही माणसे चकित होतात. ‘लाडाने गोड फार चारले असेल,’ असे म्हणून आईकडे पाहतात. माझ्या बहिणीने हे बोल पुष्कळ ऐकले. म्हणून स्पष्ट सांगतो, की मुलांना बहुधा होतो तो पहिल्या प्रकारचा मधुमेह साखर खाल्ल्याने होत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन करणाऱ्या पेशी नष्ट करते. मग इन्सुलिन बाहेरून द्यावेच लागते, रोज आणि जन्मभर. तेथे पथ्य, काढे, उपासतापास यांची मात्रा चालत नाही.

इन्सुलिन नव्हते तेव्हा अशा मुलांचे काय होई? त्यांना जवळजवळ उपाशी ठेवून काही महिने जगवीत, इतकेच. 11 जानेवारी 1922 रोजी टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला इन्सुलिनची पहिली सुई टोचली, तेव्हा तो नुसता हाडांचा सापळा उरला होता. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. कॉलिप यांनी तो शुद्ध केला, 23 जानेवारीला पुन्हा टोचला, आणि मुलगा सावरला. पुढे तो तेरा वर्षे जगला. बँटिंग आणि मॅकलाउड यांना 1923 साली नोबेल पारितोषिक मिळाले. बँटिंग यांचा जन्मदिवस 14 नोव्हेंबर हाच आज जागतिक मधुमेह दिन आहे. आपल्याकडे त्या दिवशी बालदिनही असतो, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

आता पंपाकडे वळू. आमच्या भागात पंप म्हटला की पंचगंगेवरची मोटर आठवते. भाचीच्या आजीनेही पहिल्यांदा, ‘एवढ्याशा पोरीला मोटर कुठं बसवणार गं?’ असे विचारले होते. तिचे विचारणे अगदीच वावगे नव्हते. 1960 च्या दशकाच्या आरंभी लॉस एंजेलिसच्या डॉ. आर्नल्ड कॅडिश यांनी केलेला पंप पाठीवरच्या पिशवीएवढा होता! आजचा पंप मुठीत मावतो. त्यात इन्सुलिनची कुपी असते. तिच्यातून निघालेली बारीक नळी पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली बसवलेल्या मऊ नळकांडीपर्यंत जाते. ती जागा दोन-तीन दिवसांनी बदलायची. दिवसरात्र थोडे थोडे इन्सुलिन आपोआप जात राहते, आणि जेवताना पानातल्या पदार्थांचा हिशोब करून जास्तीची मात्रा द्यायची.

हे थोडे थोडे म्हणजे किती? एका मिलिलिटरमध्ये 100 युनिट असतात, आणि पंप एका युनिटचा विसावा भागही मोजून देतो. त्या थेंबुकल्याचे वजन भरेल जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. दाजी चांदीचे कारागीर, त्यांचा जन्म काट्यासमोर गेला. हे ऐकून ते म्हणाले, ‘एवढं बारीक तर आमचा काटाबी दावत न्हाई.’ त्या दिवसापासून यंत्राविषयी त्यांच्या मनात आदर बसला.

नव्या खरेदीत तीन वाटा दिसत होत्या. पहिली, नळीचाच पण सेन्सरशी जोडलेला पंप. सेन्सर कातडीखालच्या द्रवातील साखर दर काही मिनिटांनी मोजतो आणि त्यावरून पंप आपली धार कमीजास्त करतो. अशा जातीच्या पहिल्या पंपाला अमेरिकेत 2016 साली मान्यता मिळाली. तरी जेवणाचा आकडा माणसालाच सांगावा लागतो. दुसरी वाट, नळीच नसलेला, अंगाला चिकटवायचा पंप. तिसरी, पंप सोडून पुन्हा पेनच्या सुया.

दाजींना पहिला हवा होता. त्याची किंमत काही लाखांच्या घरात, शिवाय सेन्सर आणि नळ्यांचा दरमहा हजारोंचा खर्च. त्यासाठी ते कर्ज काढायला निघाले होते. बहिणीला एकच हवे होते, मध्यरात्री साखर उतरली तर यंत्राने आपणहून आवरावे. गेली आठ वर्षे तिची झोप सलग झालेली नाही. भाची मात्र चिकटवायच्या पंपावर अडून बसली होती.

‘मामा, तुम्हाला न्हाई कळायचं,’ ती मला म्हणाली. ‘ड्रेसवरनं नळी दिसती. वर्गात ते वाजलं की समद्या पोरी वळून बघत्यात. आन् आई घरात बसून माझे आकडे बघती. मी वडा खाल्ला की हिकडं फोन!’

मी चमकलो. वयात येताना शरीरातील बदलांमुळे इन्सुलिन पुरेनासे होते, साखर आवरत नाही, हे डॉक्टरांकडून ऐकले होते. पण याच वयात मुलाला स्वतःचे असे एक आयुष्य हवे असते, आणि ते नाकारले तर मूल सुई चुकवू लागते, आकडे लपवू लागते. मग लाखाचे यंत्रही कपाटात पडते.

शेवटी डॉक्टरांनी तिलाच कागद दिला आणि म्हणाले, ‘बाळ, अंगावर तू वागवणार आहेस. तूच लिही.’ तिने चार दिवस घेतले. चिकटवायच्या पंपाचा पुरवठा आणि दुरुस्ती आमच्याकडे कशी होणार, हे विक्रेत्याला नीट सांगता आले नाही. तो तिने स्वतःच खोडला. यंत्र बंद पडले तर रात्री कोणाला विचारायचे, भट्टीच्या उष्णतेत इन्सुलिन नासेल काय, वीज गेली तर काय, आंघोळीला किती वेळ काढता येतो, असे सतरा प्रश्न तिने लिहिले होते. अखेर तिने सेन्सरचा पंप निवडला आणि खाली एक अट घातली: ‘रात्रीचे आकडे आईचे, दिवसाचे माझे.’

बहीण दोन दिवस बोलली नाही. मग तिने कबूल केले, पण आपलीही एक अट घालून. साखर 70 च्या खाली गेली तर पोरीने लपवायचे नाही, जवळच्या मैत्रिणीला सांगून ठेवायचे. हा करार आजवर दोघींनी पाळला आहे. एक-दोनदा रुसवे झाले, पण करार मोडला नाही.

ज्या घरांत असा प्रश्न येईल त्यांना चार गोष्टी सुचवतो. पंपात फक्त जलद काम करणारे इन्सुलिन असते; नळी मुडपली किंवा निसटली तर काही तासांतच प्रकृती गंभीर होऊ शकते. म्हणून पेन आणि सुया नेहमी जवळ हव्यात. घेण्यापूर्वी चार वर्षांच्या नळ्यांचा आणि सेन्सरचा खर्च मांडावा. यंत्राच्या किमतीवर भुलू नये. शाळा-कॉलेजात शिक्षकांना आधी सांगून ठेवावे. सीबीएसईने 2017 साली मधुमेही मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ जवळ ठेवण्याची मुभा दिली, हे शिक्षकांना दाखवता येते. आणि पंप परवडला नाही तर स्वतःला दोष देऊ नये. पेनवरही मुले उत्तम वाढतात. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी ड्रीम ट्रस्ट उभारून गरीब घरांतील मधुमेही मुलांना इन्सुलिन पुरवले. त्यांची पहिली लढाई इन्सुलिनची कुपी मिळवण्याचीच होती.

राहता राहिला दिवाळीचा फराळ. करंजी वर्ज्य नाही, मोजून खायची आहे. मोजमाप मुलाला शिकवावे, आणि एकदा शिकवले की काटा त्याच्या हाती द्यावा.