चुनखडी व शेतजमीन

चुन्यानें जमीन सुधारते असें ऐकून काळ्या रानांतही चुना टाकणारे शेतकरी आढळतात. हा खर्च व्यर्थ तर जातोच, परंतु कित्येकदां पिकासही बाधतो.

चुनखडी हा गाळाचा खडक होय. उथळ समुद्राच्या तळाशीं शंखशिंपले व सूक्ष्म प्राण्यांचीं कवचें सांचून, वरच्या थरांच्या भारानें त्यांचा दगड बनतो. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील चुनखडी मात्र शंखशिंपले पृथ्वीवर येण्यापूर्वींची आहे. आपल्या रानांतील पांढरे खडे याहून निराळे. काळ्या दगडांतील चुना पाण्यांत उतरून मातींतच गोठल्यानें ते झालेले असतात. म्हणजे निसर्गानें तेथें चुना आधींच घातलेला आहे! त्यांत भर पडली कीं लोह मुळांस मिळेनासें होतें व संत्र्या-मोसंब्यांचीं कोंवळीं पानें पिवळीं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

शंका असल्यास खडा कुटून त्यावर लिंबू पिळावें. फसफसला तर तो चुन्याचा समजावा.

चुन्याची खरी गरज कोंकणांतील जांभ्याच्या जमिनीस, कारण अतिवृष्टीनें चुना धुपून ती आम्ल झालेली असते. तेथेंही माती तपासूनच प्रमाण ठरवावें. शुद्ध चुनखडी 100 शेर भाजली असतां 56 शेर कळीचा चुना उरतो. बाकीचा कर्बवायु उडून जातो. म्हणून भाजलेला चुना कमी पुरतो, पण तो दाहक आहे. दळलेली चुनखडी सावकाश लागू पडते. भाजलेला चुना शेणखतांत किंवा अमोनियम सल्फेटांत मिसळूं नये; त्यांतील नत्र अमोनियारूपानें हवेंत निघून जातो.