दिव्यांचीही शेजारती करा!

गौरी जेवल्या, सवाष्णी जेवल्या, संध्याकाळचं हळदीकुंकूही पार पडलं. पुरणाची पातेली घासून पालथी घालेपर्यंत रात्रीचे साडेअकरा वाजले. नाशिकच्या जाऊबाई आणि मी, दोघींच्याही पायांचे तुकडे पडले होते. निजायला जाताना मी एकदा बाहेरच्या खोलीत डोकावले. मखरात गौरी उभ्या होत्या, मागे लाल-निळ्या माळा लुकलुकत होत्या आणि पुढ्यात सतरंजीवर आमची दोन आणि जाऊबाईंचा एक अशी तीन मुलं गाढ झोपली होती. माझा हात बटणाकडे गेलासुद्धा. पण मनात आलं, वर्षाचा सण, महालक्ष्म्या घरात आलेल्या, आणि आपण अंधार करायचा? मी हात मागे घेतला.

ही २०१४ सालची गोष्ट. त्या मागे घेतलेल्या हाताची किंमत मोजली ती आमच्या सासूबाईंनी.

रात्री दीडच्या सुमाराला त्या पाणी प्यायला उठल्या, तर काहीतरी करपल्याचा वास. आधी त्या स्वयंपाकघरात गेल्या. तिथे सगळं ठीक. बाहेर येऊन बघतात तो मखराच्या मागचा पडदा पेटलेला आणि थर्माकोलची कमान वितळून तिचे थेंब सतरंजीवर पडताहेत. त्यांनी हाका मारल्या, मुलांना अंथरुणासकट ओढलं आणि पेटता पडदा उजव्या हाताने खेचून खाली पाडला. तोवर आमचे हे धावत आले, मेन स्विच बंद केला आणि मग बादल्या ओतल्या. मुलांना काही झालं नाही. सासूबाईंचा हात मात्र मनगटापर्यंत भाजला. हाताला सूज आली, पाटली निघेना. लग्नात माहेरहून आलेली ती पाटली शेवटी दवाखान्यात कापून काढावी लागली.

मला त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वायरमनने दाखवलेल्या चुका

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने जळलेल्या वायरी हातात घेऊन एकेक चूक दाखवली. मैत्रिणींनो, यांतली एकही चूक जगावेगळी नव्हती. तुमच्या माळ्यावरच्या सजावटीच्या खोक्यात त्या आजही असतील, म्हणून सांगते.

पहिली चूक सांध्याची. माळ पुरेना म्हणून आम्ही तिला दुसरी वायर जोडली होती. तारांना दोन पीळ दिले आणि वर साधी चिकटपट्टी गुंडाळली. असा सांधा सैल राहतो. विजेला जायला वाट अरुंद झाली की तिथे उष्णता होते. उष्णतेने सांधा आणखी सैल होतो, मग बारीक ठिणग्या उडायला लागतात. यातली गोम अशी, की सैल सांध्यामुळे विजेचा एकूण भार काही वाढत नाही, त्यामुळे फ्यूज उडत नाही. तुम्ही निर्धास्त झोपता आणि सांधा आतल्या आत तापत राहतो.

दुसरी चूक माळेची. जुन्या माळांमधले बारीक दिवे एकापाठोपाठ एक असे जोडलेले असतात. एक दिवा गेला की सगळी माळ बंद. मग घरातलं कुणीतरी हुशार माणूस मेलेला दिवा कापतं आणि दोन टोकं एकमेकांना जोडून टाकतं. माळ पुन्हा लागते, घरात कौतुक होतं! पण जो भार पन्नास दिवे वाटून घेत होते, तो आता पंचेचाळीसांवर येतो. उरलेले दिवे जास्त तापतात आणि भराभर जातात. आमच्या माळेतले असे सात दिवे कापलेले निघाले.

तिसरी चूक बोर्डाची. एक्स्टेन्शन बोर्डावर माळा, फिरतं चक्र आणि पाचशे वॅटचा हॅलोजन, असं सगळंच होतं. शिवाय संध्याकाळी साडीला इस्त्री फिरवायला मीच ती तिथे लावली होती. आपल्याकडचं साधं पाच भोकांचं सॉकेट ६ अँपियरचं असतं. २३० व्होल्टने गुणलं की साधारण १३८० वॅट झाले. हॅलोजन पाचशेचा आणि इस्त्री हजाराची, म्हणजे माळा धरायच्या आधीच हिशेब पार झाला! घरखर्चाचा हिशेब आपण पैशापैशाने ठेवतो, तसा हाही ठेवायला हवा. वस्तूच्या बुडाशी वॅटचा आकडा लिहिलेला असतो. एका बोर्डात दुसरा बोर्ड लावून भोकं वाढतात, पण भिंतीतल्या सॉकेटची ताकद वाढत नाही.

चौथी चूक म्हणजे वायर सतरंजीखालून नेलेली. पायात येऊ नये म्हणून आपण असं करतो. पण वायरीची उष्णता हवेत जायला हवी, ती सतरंजीखाली कोंडते. वर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय पडून आतल्या तारा तुटतात, ते वेगळंच. वायर भिंतीच्या कडेने न्या. तिच्यावर खिळा ठोकू नका आणि ती दाराच्या किंवा खिडकीच्या फटीत चेमटू देऊ नका.

आणि या सगळ्यांच्या वर एक मोठी चूक. आमचा फ्यूज सारखा उडायचा म्हणून कधीतरी कुणीतरी त्यात जाड तांब्याची तार घातली होती. फ्यूजची तार आपण जळून घर वाचवते. तिथे जाड तार घातली की राखणदारच झोपला! आता बऱ्याच घरांत एमसीबी असतो, तो भार वाढला की खटका पाडतो. त्याच्या जोडीला वीज गळताक्षणी खटका पाडणारं उपकरणही बसवून घ्यावं. वायरमन त्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. घरासाठी ३० मिलीअँपियरचं मागा. लहान मुलांच्या घरात तर ते हवंच. आणि एमसीबी वारंवार पडत असेल तर तो पुन्हा पुन्हा वर करू नका, काहीतरी बिघडलंय असं तो सांगत असतो.

आता एलईडी आले, तरीही

तुम्ही म्हणाल, हल्ली माळा एलईडीच्या असतात, त्या कुठे तापतात? खरं आहे. जुना साठ वॅटचा दिवा घेतलेल्या विजेतली बहुतेक उष्णतेतच घालवायचा. कागदी आकाशकंदिलात तो तासन् तास ठेवला की कागद तपकिरी पडायचा. आपला लाडका ‘झिरोचा’ दिवासुद्धा शून्य वॅटचा कधीच नव्हता, तो बारा-पंधरा वॅट घ्यायचा. एलईडीने हा धोका पुष्कळ कमी केला. पण दिवा गार असला तरी वायर आणि प्लग तेच. रस्त्यावरच्या ढिगातून स्वस्तात घेतलेल्या माळेची वायर दोऱ्याएवढी बारीक असते. आयएसआय खूण बघून घ्या. दुकानातच माळ पंधरा मिनिटं लावून ठेवायला सांगा आणि प्लगला हात लावून बघा. प्लग चांगलाच तापला तर माळ परत करा.

माळ्यावरून काढलेली जुनी माळ थेट मखरावर चढवू नका. आधी फरशीवर पसरून हाताखालून घाला. उंदरांनी कुरतडलेली, सालं निघालेली, कडक होऊन तडकलेली वायर दिसली तर ती माळ टाकूनच द्या. जोडाजोड करायचीच असेल तर ती वायरमनकडून. बाल्कनीतली माळ खास बाहेर लावायची म्हणून बनवलेलीच हवी. गणपतीत पाऊस असतो, दिवाळीतही कधी सर येते. ओला सांधा आणि लोखंडी ग्रील यांची गाठ पडली तर आगीआधी शॉकच बसायचा.

थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली. तिचं कारण पर्यावरणाचं असलं, तरी आमच्यासारख्या घरांना त्यात वेगळंच समाधान वाटलं. पण क्रेप कागद, फोमचे ताव, जॉर्जेटचे पडदे आणि वाळलेली झेंडूची तोरणं, हेही काही कमी पेट घेत नाहीत. पडदा आणि माळ यांच्यात वीतभर अंतर ठेवा. निर्माल्य रोजच्या रोज काढा.

सणासणाचे दिवे

नवरात्रातला नंदादीप नऊ दिवस तेवायचा. तो पितळी परातीत वाळू घालून त्यात ठेवावा, वर काचेचं झाकण असावं. उंदीर तेलाच्या वासाने येतो आणि जळती वात तोंडात धरून पळतो, असं आपल्या आज्या सांगत आल्या. ती भीती उगाच नव्हती. देवघर लाकडी असेल तर वरची फळी किती तापते ते हात लावून बघा.

दिवाळीत पणत्या लावताना वर काय आहे ते आधी बघावं. वाळत घातलेले कपडे, पडद्याची झालर, कंदिलाच्या शेपट्या. आणि स्वतःकडेही बघावं. नायलॉनची, जॉर्जेटची साडी नुसती पेटत नाही, वितळून अंगाला चिकटते. पणत्या लावायच्या वेळी सुती साडी नेसावी, पदर खोचावा, पोरींच्या ओढण्या मागे बांधाव्यात. वाकून रांगोळी घालायची ती पणत्या लावायच्या आधी.

नाताळात वसईच्या, गोव्याच्या घरांतून येशूजन्माचा देखावा मांडतात. त्यातला गोठा गवताचा आणि आत दिवा! सुरूची तोडून आणलेली फांदीही चार दिवसांत वाळते. पाश्चात्त्य देशांत नाताळच्या झाडावर पूर्वी चक्क जळत्या मेणबत्त्या लावत. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरच्या झाडावर पहिल्यांदा विजेचे ८० दिवे लावले. ज्योत गेली तशी धास्ती कमी झाली, पण वाळलेलं झाड आणि तापलेली वायर यांचं वैर तिथेही अजून मिटलेलं नाही. तिकडच्या गृहिणी झाड पाण्याच्या भांड्यात उभं करतात आणि रोज पाणी घालतात, ते त्यासाठीच. आपणही फांदी ओल्या मातीच्या कुंडीत खोचावी, आणि सुया गळायला लागल्या की तिच्यावरच्या माळा उतरवाव्यात.

आग लागलीच तर

आधी माणसं बाहेर काढा आणि मेन स्विच बंद करा. वीज चालू असताना पाणी ओतू नका. वीज बंद झाल्यावर पेटलेल्या कापडा-कागदावर पाणी चालतं. कढईतलं तेल पेटलं तर मात्र पाणी मुळीच नको. गॅस बंद करून कढईवर मोठं झाकण ठेवा. आग हाताबाहेर जातेय असं वाटलं तर दागिने, कागदपत्रं शोधत बसू नका. खोलीचं दार लोटून घ्या, जिन्याने खाली उतरा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. धूर झाला असेल तर खाली वाकून, रांगत चला.

अंगावरचे कपडे पेटले तर पळू नका. जमिनीवर लोळा, किंवा दुसऱ्याने सुती चादर, घोंगडी गुंडाळावी. भाजलेल्या जागेवर नळाचं साधं गार पाणी वीस मिनिटं सोडा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काहीही लावू नका. फोड फोडू नका. आणि हे सासूबाईंच्या अनुभवाचं सांगते: बांगड्या, पाटल्या, अंगठ्या ताबडतोब काढा. अर्ध्या तासाने सूज येते आणि मग त्या निघत नाहीत. तेवढं करून लगेच डॉक्टरकडे न्या.

बटणावरचा हात

पुढच्या वर्षी गौरींची तयारी चालली होती. मी माळांचं खोकं उघडायलाच तयार नव्हते. सासूबाईंनीच नवी माळ आणायला लावली. रात्री जेवणं झाल्यावर मी विचारलं, “आई, दिवे बंद केले तर चालेल का हो? सणाच्या रात्री अशुभ नाही ना?”

त्या म्हणाल्या, “अगं, देवाची शेजारती करून आपण देवालाही निजवतोच की! मग दिव्यांचं काय घेऊन बसलीस? त्यांनाही निजव.”

आम्ही दिव्याला ‘विझव’ म्हणत नाही, ‘शांत कर’ म्हणतो. तेव्हापासून आमच्याकडे नेम आहे. रात्री शेजारती झाली की घरातलं सगळ्यांत लहान मूल माळेचं बटण बंद करतं, मोठ्यांपैकी एकजण प्लग काढतो आणि सासूबाई वाळूतल्या नंदादीपावर काच बसली आहे ना, ते बघतात. जेवायला आलेल्या सवाष्णींनाही हा नेम आम्ही आवर्जून सांगतो. दोघी-तिघींनी तो आपल्या घरी सुरूही केला.

सासूबाईंचा हात बरा झाला, पण करंगळी अजून पुरती सरळ होत नाही. हळदीकुंकू लावताना ती जरा वेगळीच राहते. ती दिसली की मी उठून बटणं बघून येते.